बाष्प सर्वांत मोठे, मग दोष कार्बनला का?

गुहागर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. गावच्या शाळेतील विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी मुलांकडून तापमानवाढीवर एक तक्ता करून घेतला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिले, ‘कार्बन डायऑक्साइड हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा हरितगृह वायू आहे.’ गणपतीला मुंबईहून आलेल्या इंजिनीअर भाच्याने तो वाचून चारचौघांत टोकले, ‘मामा, हरितगृह परिणामाचा ९५ टक्के भाग पाण्याच्या वाफेचा असतो. कार्बन डायऑक्साइड हवेत आहेच मुळी ०.०४ टक्के. समुद्र काय माणसाने तापवत ठेवलाय?’ गुरुजींना त्या वेळी उत्तर सुचले नाही. तक्ता खरोखर चुकला का, भाच्याला काय सांगावे, आणि गावात नव्याने झालेली शेततळी, आगरांना दिले जाणारे पाणी व मिठागरे यांच्यातून उडणाऱ्या वाफेमुळेही उकाडा वाढत असेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. तक्त्यावरचे ते वाक्य चुकले आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल. पृथ्वीच्या हवेतील सर्वांत प्रभावी हरितगृह वायू पाण्याचे बाष्प हाच आहे आणि याविषयी शास्त्रज्ञांमध्ये कधीच वाद नव्हता. जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवून धरणारे हरितगृह वायूंचे हे आवरण नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश राहिले असते. प्रत्यक्षात ते शून्यावर सुमारे १५ अंश आहे. या तेहेतीस अंशांच्या उबेत कोणाचा किती हात आहे याची विभागणी नासाच्या गोडार्ड संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली केली. तीत साधारण निम्मा वाटा बाष्पाचा, पाव वाटा ढगांचा, पाचवा हिस्सा कार्बन डायऑक्साइडचा आणि उरलेला थोडा मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन इत्यादींचा निघाला. भाच्याने सांगितलेला ९५ चा आकडा मात्र वर्षानुवर्षे तोंडोतोंडी फिरत आला आहे. हिशेबाला बसल्यावर तो टिकत नाही. तरीही त्याच्या बोलण्यातला गाभा, म्हणजे बाष्प पहिल्या क्रमांकावर आहे हा, आपण मोकळेपणाने मान्य करावा. तक्त्यावर ‘माणसाने हवेत वाढवलेल्या हरितगृह वायूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचा वाटा सर्वांत मोठा आहे’ असे लिहावे. ते बिनचूक आहे, आणि भाच्याशी खरी चर्चाही तिथूनच सुरू होते.

आता मूळ मुद्दा. हवेत बाष्प किती असावे हे कोण ठरवते? हा एकच प्रश्न भाच्याला विचारावा आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. आषाढात दोरीवर टाकलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, डब्याचे झाकण नीट लागले नाही तर पोहे-पापड सादळतात, हे आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. त्या दिवसांत पाण्याची वाण नसते. हवेत आणखी बाष्प मावायला जागा नसते. आणि ही जागा तापमानावर ठरते. एक घनमीटर हवेत २० अंशांना जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. त्याहून जास्त झाले की दव, धुके किंवा पाऊस होऊन ते खाली येणारच. म्हणजे हवेतले बाष्प हवेच्या उष्णतेमागून चालते. सरासरी तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि जगाचा बहुतांश पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला असल्यामुळे ती जागा भरायला पाणी कुठून आणायचे हा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणूनच माणसाने कितीही वाफ सोडली तरी ती हवेत साठून राहत नाही. संपूर्ण वातावरणात एका वेळी सुमारे १३ हजार घनकिलोमीटर पाणी असते आणि वर्षभरात समुद्र व जमीन मिळून सुमारे ५ लाख घनकिलोमीटर पाण्याचे बाष्पीभवन होते. भागाकार मुलांकडून करून घ्यावा. हवेतले सगळे पाणी नऊ-दहा दिवसांत एकदा बदलते असे उत्तर येईल. दाभोळच्या खाडीत धोपाव्याला ये-जा करणाऱ्या फेरीबोटीच्या धुराड्याकडे या दृष्टीने पाहावे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे एक किलो पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. (लिटरभर डिझेलचे वजन किलोलाही कमी, मग एवढे वजन आले कुठून, असे एखादा चुणचुणीत मुलगा विचारीलच; इंधनातला कार्बन आणि हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन उचलतो, त्याचे ते वजन.) एकाच नळीतून दोन्ही हरितगृह वायू बाहेर पडतात. त्यांतले पाणी आठ-दहा दिवसांत कुठेतरी पाऊस होऊन पडून जाते. कार्बन डायऑक्साइडचा मात्र पाऊस पडत नाही, कारण तो गोठावा किंवा द्रवरूप व्हावा इतकी थंडी पृथ्वीच्या हवेत कुठेच नसते. समुद्र आणि झाडे-माती मिळून माणसाने सोडलेल्यापैकी साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. उरलेला हवेत राहतो आणि त्याचा काही हिस्सा हजारो वर्षे टिकतो.

साठत जाण्याचा अर्थ आकड्यांत पाहावा. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते, आणि आज ४२० च्या पुढे गेले आहेत. ही भर ज्वालामुखीची किंवा समुद्राची नाही, हेही तपासून झाले आहे: खनिज इंधनांतील कार्बनच्या समस्थानिकांची (म्हणजे कमी-अधिक वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणाची) खूण हवेत वाढत चालली आहे, आणि कोळसा-तेल जाळण्याला साजेसा ऑक्सिजनही हवेतून किंचित कमी होत आहे.

हा हिशेब भाच्याला व्यवहाराच्या भाषेत सांगायचा झाल्यास कार्बन डायऑक्साइड हे मुद्दल आणि बाष्प हे त्यावरचे व्याज म्हणता येईल. व्याजाची रक्कम मोठी दिसते, पण मुद्दल वाढवल्याखेरीज ती वाढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि बाकी काहीच बदलले नाही, तर तापमान सव्वा अंशाच्या आतबाहेर वाढेल. पण तेवढ्या उबेने बाष्प वाढते, ते बाष्प आणखी उष्णता अडवते, आणि एवढ्यानेच मूळची वाढ जवळजवळ दुप्पट होते. बर्फ वितळणे आणि ढगांतील बदल धरले तर आकडा तीन अंशांच्या आसपास पोहोचतो. म्हणजे बाष्प प्रबळ आहे ही गोष्ट भाच्याच्या बाजूची नाहीच. ती कार्बन डायऑक्साइडचे उपद्रवमूल्य वाढवणारी आहे. शास्त्रज्ञ बाष्पाला विसरले असे जे सुचवले जाते, त्याचे तर नवल वाटते. स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ साली कागद-पेन्सिलीने केलेल्या पहिल्या गणितातच बाष्पाची ही साथ धरलेली होती. स्युकुरो मनाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला, तोही ज्या कामासाठी, त्याच्या मुळाशी बाष्पासह केलेले १९६७ सालचे गणित आहे.

गणितावर विश्वास नसेल तर निसर्गाने स्वतःच एक प्रयोग करून दाखवला आहे. १५ जून १९९१ रोजी फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला आणि त्यातल्या गंधकाच्या वायूपासून झालेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश थोडा अडवला. पुढच्या वर्ष-दीड वर्षात जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. समुद्र होता तिथेच होता, ऊनही बाष्पीभवनाला पुरेसे होते. तरी उपग्रहांच्या नोंदींत हवेतले बाष्प त्या थंडाव्याच्या प्रमाणात कमी झालेले दिसले आणि हवा पूर्ववत तापू लागली तसे ते पुन्हा वाढले. कार्बन डायऑक्साइडच काढून घेण्याचा प्रयोग निसर्गात करता येत नाही म्हणून गोडार्ड संस्थेतच तो संगणकावर झाला. हवेतून कार्बन डायऑक्साइड आणि इतर न गोठणारे हरितगृह वायू काढून टाकले, बाष्पाला मात्र हात लावला नाही. पन्नास वर्षांच्या आत त्या संगणकातल्या पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे २१ अंशांवर गेले आणि बाष्प मूळच्या दहाव्या हिश्शावर आले. ज्याला पहिला क्रमांक दिला, तो वायू दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभा राहू शकला नाही.

०.०४ टक्के एवढ्याशा वायूने काय होणार, हा भाच्याचा दुसरा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यात दम नाही. कोरड्या हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा असतो, आणि जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांना हे दोन्ही वायू जवळजवळ अडवतच नाहीत. १८५९ साली लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी नळीत एकेक वायू भरून हे मोजून पाहिले. त्याच्या तीन वर्षे आधी अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत दमट हवा आणि कार्बन डायऑक्साइड भरून ती उन्हात ठेवली होती आणि कार्बन डायऑक्साइडची नळकांडी सर्वांत अधिक तापल्याचे नोंदवले होते; त्यांचे नाव पुढे शंभराहून अधिक वर्षे कोणी घेतले नाही. तेव्हा उष्णता अडवण्याच्या कामात ९९ टक्के हवा रिकामीच बसलेली असते आणि जे काही होते ते उरलेल्या चिमूटभर वायूंमुळे होते.

शिवाय बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड एकाच ठिकाणी काम करत नाहीत. बाष्पाचा बहुतेक साठा खालच्या दोन-तीन किलोमीटरांत असतो. वर हवा इतकी थंड की त्यात बाष्प फारसे उरतच नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र खालपासून वरपर्यंत सारख्या प्रमाणात मिसळलेला असतो, आणि पृथ्वीची उष्णता अवकाशात निसटते ती याच उंचावरच्या कोरड्या, थंड थरांतून. तिथे कार्बन डायऑक्साइड वाढला की उष्णता निसटण्याची पातळी आणखी वर, आणखी थंड हवेत सरकते. थंड हवा कमी उष्णता बाहेर सोडते आणि खालचा सगळा थर तापतो. ‘खाली दमट हवेने सगळी उष्णता अडवलीच आहे, मग कार्बन डायऑक्साइडला करायला उरले काय’ असा युक्तिवाद भाच्याने पुढे केला, तर हे उत्तर पुरेसे आहे. सूर्यच जास्त तापला असेल, असे तो म्हणाला तर एवढेच सांगावे की तसे असते तर ढग-पावसाच्या थराच्या वरचा, स्थितांबर नावाचा हवेचा थरही तापला असता; मोजमापात तो गेली कित्येक दशके थंड होत आहे, आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर नेमके तेच व्हायला हवे.

बाष्प हवेत साठून राहत नाही या नियमाला अपवाद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. स्थितांबरात पाऊस पडत नाही, त्यामुळे तिथे पोहोचलेले बाष्प वर्षानुवर्षे राहते. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या समुद्राखालील ज्वालामुखीने सुमारे १५ कोटी टन पाणी एका फटक्यात तिथे फेकले. तिथल्या एकूण बाष्पात त्याने सुमारे दहा टक्क्यांची भर पडली. माणसाने सोडलेला मिथेनही वर जाऊन विघटन पावतो आणि त्यातून थोडे बाष्प तयार होते. ही दोन्ही प्रकरणे विचारात घेतली जातात. पण शतकभराच्या तापमानवाढीच्या हिशेबात ती किरकोळ आहेत.

आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला बाष्पाची ताकद पुस्तकातून शिकावी लागत नाही. माघातल्या निरभ्र रात्री घाटमाथ्यापलीकडे, साताऱ्या-कराडच्या बाजूला, हवा कोरडी असल्यामुळे सूर्य मावळताच जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते आणि पहाटे दात वाजतात. तीच रात्र गुहागरात एका चादरीत निघते. यात समुद्राच्या सान्निध्याचा मोठा भाग आहे, हे खरे. पण बाष्पाने अडवलेली उष्णताही त्यात आहे. मळभाची रात्र आणि चांदण्याची रात्र यांच्या पहाटेच्या तापमानाची नोंद मुलांनी महिनाभर ठेवली तर हा फरक त्यांना आपल्याच अंगणात सापडेल. तिच्या जोडीला दोन साधे तापमापक शेजारी टांगावेत आणि एकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळावे. ओला तापमापक कोरड्याहून जितका खाली उतरेल तितकी हवा कोरडी. मे महिन्यात आपल्याकडे हे अंतर दुपारीसुद्धा फारसे नसते आणि अंगावरचा घाम का वाळत नाही, हे त्या दोन आकड्यांत दिसते. प्रदर्शनात तक्त्यापेक्षा ही वही जास्त बोलेल, असे मला वाटते.

तापमानवाढीने या दमटपणात भर पडते, आणि कोकणाला तिची झळ पावसाच्या रूपानेही बसते. औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात जग सुमारे १.१ अंशाने तापलेले होते आणि त्यानंतर ते आणखी तापले आहे. अरबी समुद्रही तापला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे आणि त्यांना लागणारे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून येत असल्याचे दाखवले आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ते दृश्य पाहिले. एका पुराचे खापर एकट्या तापमानवाढीवर फोडणे बरोबर नाही. वाशिष्ठीचे पात्र, गाळ, भरती आणि धरणाचे पाणी यांचाही त्यात विचार करावा लागतो. पण ढगात भरायला पाणी जास्त मिळू लागले आहे, एवढे निश्चित.

राहिला शेततळ्यांचा, आगरांचा आणि मिठागरांचा प्रश्न. त्याविषयी आपण निर्धास्त असावे. शेततळ्यातून उडालेले पाणी त्याच नऊ-दहा दिवसांच्या फेऱ्यात येते. समुद्रावरून रोज उडणाऱ्या पाण्यापुढे जगभरच्या सिंचनाची वाफदेखील थोडकी ठरते, आणि भर उन्हात बाष्पीभवन होताना जवळपासची जमीन थोडी गारच होते. पोफळीच्या आगरात दुपारी शिरल्यावर वाटणारा गारवा सावलीचा तसा या बाष्पीभवनाचाही असतो. मिठागराबद्दल तर काही बोलायलाच नको; ते पाणी खाडीत राहिले असते तरी उडालेच असते. शेततळ्यावर आच्छादन घालायचे असेल तर पाणी वाचवण्यासाठी जरूर घालावे, हवामानासाठी नव्हे.

शेतीकडे बोट दाखवायचेच असेल तर ते बाष्पाकडे नको, मिथेनकडे हवे. भाताच्या खाचरात पाणी तुंबून राहिले की चिखलात हवा पोहोचत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. तो हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, वजनास वजन घेतल्यास शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो, आणि त्याचे हवेतले प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या अडीच पटींहून अधिक झाले आहे. उन्हाळी भाताला पाटाचे पाणी मिळते तिथे ते मधूनमधून तोडून जमीन थोडी उघडी पडू दिली की मिथेन घटतो आणि पाणीही वाचते. पावसाळी भाताला मात्र हा उपाय सांगणे शहाणपणाचे नाही, कारण आषाढ-श्रावणात खाचरातले पाणी काढून टाकणे शेतकऱ्याच्या हातात नसते, आणि त्याचा चार गुंठ्यांचा भात हे तापमानवाढीचे मूळही नव्हे. मिथेनचा मोठा भाग तेल-वायूच्या गळत्या, कोळशाच्या खाणी, कचऱ्याचे डोंगर आणि गुरे यांतून येतो. मुलांनी तक्त्यात वायूंची रांग मांडली तर प्रत्येकासमोर ‘हवेत किती काळ टिकतो’ असा एक रकाना जरूर ठेवावा: बाष्प नऊ-दहा दिवस, मिथेन सुमारे बारा वर्षे, नायट्रस ऑक्साइड शंभराहून अधिक वर्षे, आणि कार्बन डायऑक्साइडसमोर एकच आकडा लिहिता येत नाही म्हणून ‘शेकडो ते हजारो वर्षे’. भाचेबुवा पुढच्या गणपतीला आले की त्यांना आधी हाच रकाना वाचायला द्यावा.